नीलपुष्पीचा निळा

आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, शेजारी एक छोटं सागवानी कपाट होतं. त्यात स्लाइड होत्या, प्रोजेक्टरवर दाखवायच्या, चौकटीत बसवलेल्या पारदर्शक रंगीत फिल्म. सत्तरच्या दशकात आमच्या सरांनी पदरच्या पैशांनी काढलेल्या. २००४ च्या जूनमध्ये ते कपाट आवरायचं काम माझ्याकडे आलं. सरांना निवृत्त होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. मी खिडकीच्या काचेला ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि एकेक स्लाइड उजेडावर धरून पाहायला लागले.

तासाभरात माझ्यापुढे दोन ढीग झाले. एकात सोनकी पिवळीधमक, पळस केशरी, पानं हिरवीगार, गेल्या आठवड्यात काढल्यासारखी. दुसऱ्यात सगळंच गुलाबी. पानं गुलाबी, आभाळ गुलाबी, कातळसुद्धा गुलाबी. माणूस तोच, कॅमेरा तोच, कपाटही तेच. पहिल्या ढिगातल्या पुठ्ठ्याच्या चौकटींवर कोडाक्रोम असं छापलेलं होतं, कोडाकच्या एका स्लाइड फिल्मचं नाव. दुसऱ्यात कोडाकच्याच जुन्या एक्टाक्रोम होत्या आणि काही बिननावाच्या.

त्या दुपारी मी फार अस्वस्थ झाले. दुसऱ्या ढिगात काही फुलं अशी होती की ती जागा आता उरलेली नाही, तिथं वस्ती झाली आहे. सरांनी त्यांची नोंद ठेवली ती या स्लाइडवर, आणि फिल्मनं ती पुसून टाकली.

सर तेव्हा साताऱ्यातच राहत होते. संध्याकाळी दोन्ही ढिगांतल्या चार-चार स्लाइड घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून पाहिल्या आणि म्हणाले, "अगं, तेव्हा जी मिळेल ती फिल्म घालायचो. कोडाक्रोम कुणी परदेशातून येताना आणली तर मिळायची. कुठली फिल्म किती टिकेल हा प्रश्न मनात यायलाच हवा होता. आला नाही."

त्या पावसाळ्यात मला कासच्या पठारावरच्या फुलांचा संच करायचा होता. प्रोजेक्टरच्या गोल ट्रेमध्ये ८० स्लाइड बसतात, म्हणून संच ८० चा. सरांचं ते "आला नाही" माझ्या डोक्यातून जाईना. मी ठरवलं की आधी फिल्म पारखायची, मग फुलं काढायची.

कोडाक्रोमचा मोह होताच. मॅनेस आणि गोडाऊस्की या दोन संगीतकारांनी ती घडवली आणि १९३६ पासून ती ३५ मिमीच्या कॅमेऱ्यासाठी मिळू लागली. इतर स्लाइड फिल्ममध्ये रंग तयार करणारी द्रव्यं, म्हणजे कपलर, फिल्मच्या थरांतच घातलेली असतात. कोडाक्रोममध्ये ती नसतात, धुताना डेव्हलपरमधून येतात. त्यामुळे धुतल्यावर फिल्ममध्ये न वापरलेले कपलर मागे राहत नाहीत आणि अंधारात ठेवलेली स्लाइड फार टिकते. पण तिची के-१४ ही धुलाई इतकी किचकट की जगात मोजक्याच ठिकाणी व्हायची. रोल परदेशी पाठवायचा आणि वाट पाहत बसायचं, हे मला शक्य नव्हतं. (पुढे २००९ मध्ये कोडाकनं ती बंद केली आणि कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या ड्वेन्स फोटो या शेवटच्या लॅबनं ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रोल घेतले.) म्हणजे माझ्यासाठी उरल्या त्या ई-६ या सोप्या, सर्रास होणाऱ्या धुलाईवर धुतल्या जाणाऱ्या फिल्म. त्यांचे रंग जुन्या एक्टाक्रोमपेक्षा कितीतरी पक्के, एवढा दिलासा होता.

मुंबईला फोर्टमधून चार प्रकार आणले. फुजीच्या तीन: वेल्व्हिया ५०, प्रोव्हिया १००एफ आणि ॲस्टिया १००एफ. कोडाकची एक, एक्टाक्रोम ई१००व्हीएस. प्रत्येकी दोन रोल, आणि दोन्हींवर एकच इमल्शन नंबर, म्हणजे खेपेचा क्रमांक, आहे हे खोका फिरवून पाहून घेतलेलं. एकाच नावाच्या फिल्ममध्येही खेपेगणिक थोडा फरक पडतो. वेगवेगळ्या खेपांचे रोल घेतले असते तर नंतर कशाची तुलना कशाशी करतोय तेच कळलं नसतं.

रोल फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी. वापरायच्या आदल्या रात्री बाहेर काढायचे आणि डबी बंदच ठेवायची. पावसाळ्यात थंड डबी उघडली की फिल्मवर दव बसतं.

कागदावरचे आकडे मी आधी वाचून ठेवले होते. कंपन्या ग्रेनचा, म्हणजे चित्रातल्या दाणेदारपणाचा, एक आकडा देतात, आरएमएस. तो जितका कमी तितका पोत तलम. ॲस्टियाचा ७, प्रोव्हियाचा ८, वेल्व्हियाचा ९, ई१००व्हीएसचा ११. आकडे खरे असतात, पण त्यांच्यावरून निवड करता येत नाही, हे मला पुढच्या महिन्याभरात कळलं. मला हवं होतं ते त्या तक्त्यात नव्हतंच. फुलाचा रंग ही आमच्याकडे ओळखीची खूण असते. दोन जवळच्या जातींतला फरक कधीकधी तेवढाच असतो. मला अशी फिल्म हवी होती जी रंगाबाबत मला फसवणार नाही, किंवा निदान कुठे फसवेल ते आधी सांगेल.

एकच बॉडी, एकच १०५ मिमीची मायक्रो लेन्स, एकच ट्रायपॉड. एक रोल संपला की दुसरा घालायचा आणि तीच चित्रं पुन्हा घ्यायची. प्रत्येक विषयाच्या पाच फ्रेम: उजेड मोजणारा मीटर सांगेल ती, मग अर्धा आणि एक स्टॉप जास्त, अर्धा आणि एक स्टॉप कमी. (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.) उजेड टिपायच्या वेगात वेल्व्हिया ५० ची, बाकीच्या १०० च्या, म्हणून वेल्व्हियाला शटर एक पायरी हळू. ॲपर्चर सगळीकडे तेच. प्रत्येक रोलवर एक फ्रेम लेन्सची टोपी न काढता आणि एक कोऱ्या पांढऱ्या ढगाची, चार स्टॉप जास्त देऊन. पहिली सांगते फिल्मचा काळा किती काळा, दुसरी सांगते तिचा पांढरा किती स्वच्छ. स्लाइड म्हणजे या दोन टोकांमधलाच सगळा व्यवहार. निगेटिव्हवर चूक झाली तर प्रिंट करणारा सावरून घेतो. इथं कॅमेऱ्यात घातलेली फिल्मच धुऊन चौकटीत बसते. मध्ये कुणी नाही.

विषय निवडताना मी सुंदर चित्राचा विचार बाजूला ठेवला. घरामागच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं आणि पाच मीटरवरून त्याचा फोटो घेतला. 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' ही जोडाक्षरं कुठवर सुटी दिसतात ते पाहायला. माझ्या भाचीला दारात, सावलीच्या उजेडात उभं केलं, कातडीच्या रंगासाठी. त्यांच्यासोबत उजेडाचं माप घ्यायचं, १८ टक्के उजेड परतवणारं करडं कार्ड आणि रंगाच्या दुकानातून मागून आणलेलं शेडकार्ड. हे शेडकार्डच पुढे सगळ्यात कामाला आलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कास. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, उंची बाराशे मीटरच्या आसपास. तेव्हा तिथं आजच्यासारखी गर्दी नव्हती. सकाळी धुकं इतकं की कास तलाव दिसेना. जांभ्याच्या कातळावर पाणी साचलेलं, त्यात सीतेची आसवं, जांभळी, नखाएवढी. मध्येच गेंदाचे पांढरे गोळे. उतारावर सोनकी, कडेला तेरडा, आणि पिवळ्या कवल्याची ती लाल ठिपक्यांची फुलं, ज्यांना मुलं मिकी माऊस म्हणतात.

गेंदानं मला स्लाइडचा पहिला धडा शिकवला. पांढरं फूल, ओला काळा कातळ. मीटरनं कातळ पाहिला आणि भरपूर उजेड द्यायला सांगितलं. तो दिला असता तर गेंद नुसता पारदर्शक डाग झाला असता. स्लाइड फिल्म पाच-सहा स्टॉपांच्या पल्ल्यापलीकडे तपशील धरत नाही आणि उजळ बाजूला गेलेलं परत येत नाही. मी कार्डावरून माप घेतलं, मग एकट्या गेंदावर लेन्स नेऊन पुन्हा घेतलं. निर्णय गेंदाचा. कातळ काळा पडला तर पडो.

ढगाळ हवेत उजेड निळसर असतो. डेलाइट फिल्म ५५०० केल्व्हिनसाठी बनवलेली (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर, म्हणजे थंड), पठारावर त्या दिवशी त्याहून बराच थंड उजेड होता. ८१ए हा फिकट पिवळसर फिल्टर जवळ होता, पण चाचणीत तो लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. फिल्मचा स्वभाव तिच्याच तोंडून ऐकायचा होता. तरी एका फ्रेमला लावला. राहवलं नाही.

परतताना घाटाखाली, साताऱ्याच्या जवळ, एका कुंपणावर नीलपुष्पीचा वेल पसरलेला होता. आम्ही मुलांना काळादाणा म्हणूनही शिकवतो तो. फनेलसारखं फूल, सपाट, रुंद, एकाच निळ्या रंगाचं. चाचणीला याहून चांगलं फूल नाही. पण तोवर दुपार झाली होती आणि फुलं मिटत होती. नीलपुष्पीची फुलं कोमेजताना गुलाबीसर होतात. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा आले. सातच्या सुमाराला फुलं पूर्ण उमललेली. शेडकार्डवरचे निळे एकेक करून पाकळीला लावून पाहिले. एक चौकोन असा जुळला की हातभर अंतरावरून कार्ड कुठं संपतं आणि फूल कुठं सुरू होतं ते कळेना. तो चौकोन कात्रीनं कापून पाकळीशेजारी टाचणीनं अडकवला आणि चारही फिल्मवर पाच-पाच फ्रेम घेतल्या. रोल बदलताना तो अर्धाच काढलेला असला तरी बाहेर घ्यायचा, पुढचा घालायचा, नंतर पहिला पुन्हा घालून फ्रेम पुढे न्यायची. हे करताना हात कापत होते. पाऊण तासात आटोपलं आणि फुलं तेव्हाही निळीच होती. तशी नोंद मी वहीत वेळेसकट केली.

आणखी एक काम राहिलं होतं. लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते आणि तिचा रंग एका बाजूला झुकतो. त्यासाठी देगावजवळच्या पाटेश्वरला गेले. तिथल्या अंधाऱ्या गाभाऱ्यातल्या शिवपिंडी, दारातून येणारा तेवढाच उजेड, प्रोव्हियावर मोजून १६ सेकंद. वेल्व्हिया एक स्टॉप मंद, म्हणून तिला ३२. प्रोव्हियाचा कागद म्हणतो १२८ सेकंदांपर्यंत काहीही दुरुस्ती नको. वेल्व्हियाला ३२ सेकंदांवर एक स्टॉप जास्त उजेड आणि वर किरमिजी फिल्टर हवा. मी दोन्ही तसंच, दुरुस्तीशिवाय घेतले.

मग धुलाई. इथं माझा महिना गेला.

ई-६ म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण फिल्म पारखताना निम्मी पारख धुलाईच्या या रसायनांच्या पाण्यांची असते. पहिला डेव्हलपर सहा मिनिटं, ३८ अंश सेल्सिअस, आणि त्यात ०.३ अंशापेक्षा चूक चालत नाही. इथं साधी काळीपांढरी निगेटिव्ह तयार होते. मग रिव्हर्सल बाथ, त्यात कथिलाचं क्षार असतं. उजेड न लागलेला, उरलेला सगळा हॅलाइड, म्हणजे फिल्ममधलं चांदीचं संयुग, त्यानं उघडा पडतो. मग कलर डेव्हलपर, आणि त्या उरलेल्या भागात रंग भरतात. नंतर ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून टाकतात. मागे नुसता रंग राहतो. पहिला डेव्हलपर थकलेला असेल तर पहिलं चित्र कमी उमटतं, उरलेला हॅलाइड जास्त राहतो, रंग जास्त भरतो आणि स्लाइड अंधारी येते. पाहणाऱ्याला वाटतं, फोटो काढणाऱ्यानं उजेड कमी दिला.

माझे पहिले चार रोल एका लॅबमधून असेच अंधारे आणि मळकट आले. मीटरची फ्रेम काळवंडलेली, एक स्टॉप जास्त दिलेली जेमतेम बरी. पहिली रात्र मी स्वतःलाच दोष देत बसले. करडं कार्ड तिरकं धरलं होतं का, मीटरची बॅटरी उतरली होती का. सकाळी सुचलं की कॅमेऱ्याचा ज्याच्याशी संबंधच नाही अशी एक गोष्ट फिल्मवर असते. काठावरचे फ्रेम नंबर आणि आरव्हीपी, आरडीपी-थ्री अशी फिल्मच्या प्रकाराची अक्षरं कारखान्यातच उजेड देऊन छापलेली असतात. पण स्लाइड चौकटीत बसवून आल्या होत्या आणि काठ आत दडलेले. एक चौकट ब्लेडनं उकलली. अक्षरं मंद, मातकट. म्हणजे चूक धुलाईची.

दुसरे चार रोल पुण्याच्या दुसऱ्या लॅबकडे घेऊन गेले. या वेळी सांगितलं की माउंट करू नका, अख्ख्या पट्ट्या द्या. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "मॅडम, पट्ट्या कशाला? प्रेसला द्यायच्यात का?" मी कारण सांगितलं, तर ते उठून आत गेले आणि त्या दिवशीची कंट्रोल स्ट्रिप घेऊन आले. कारखान्यात मोजून उजेड दिलेली ती पट्टी रोज सकाळी धुऊन पाहायची असते. "आज सकाळची आहे, बघा," म्हणाले, "ही बिघडली तर आम्ही गिऱ्हाइकाचा रोल घालतच नाही." त्यांनी माझे चारही रोल एकाच फेरीत घातले. संध्याकाळी पट्ट्या हातात आल्या तेव्हा काठावरची अक्षरं झगझगीत होती.

तुलना फक्त याच चार रोलची. आधीचे चार मी बाजूला ठेवले. फेकले मात्र नाहीत.

पट्ट्या पाहायला मी एका ओळखीच्या छापखान्यात गेले. तिथं ५००० केल्व्हिनच्या ट्यूबचा लाइटबॉक्स होता. खिडकीच्या उजेडावर पाहिलेला रंग सकाळी वेगळा, दुपारी वेगळा. आठपट भिंग लावलं आणि चारही पट्ट्या एकाखाली एक मांडल्या.

पहिल्या नजरेत वेल्व्हिया जिंकली. कोणाचीही नजर तिच्यावरच जाईल. सोनकीचा उतार पेटल्यासारखा, गवत पाचूसारखं, टोपी न काढलेल्या फ्रेमचा काळा विहिरीसारखा खोल. छापखान्यातली माणसं तिच्याभोवती गोळा झाली. मीटरच्या फ्रेमपेक्षा अर्धा स्टॉप जास्त दिलेली मला बरोबर वाटली. अनेकजण ही फिल्म ५० ऐवजी ४० धरून वापरतात, त्याचं कारण समजलं. मग माझी नजर भाचीवर गेली. तिचे गाल तापाचे असावेत तसे लाल झाले होते. आणि गवत? मी त्या पठारावर उभी होते. सप्टेंबरमध्ये गवताला तुरे येऊ लागतात, त्याच्या हिरव्यात पिवळट तपकिरी मिसळलेली असते. वेल्व्हियानं ते सगळं एकाच हिरव्यात बुडवून टाकलं होतं. कवल्याचे लाल ठिपके शेजारच्या पिवळ्यात फुटल्यासारखे दिसत होते.

ई१००व्हीएस तिच्याच वळणाची, पण उष्ण. ढगाळ उजेडाचा थंडपणा तिनं आपणहून बराच घालवला होता. पाटेश्वरच्या गाभाऱ्यात वेल्व्हिया अंधारली आणि तिच्यावर हिरवी झाक आली. प्रोव्हियाच्या १६ सेकंदांत दगड दगडासारखा करडा राहिला, फक्त सावल्या किंचित निळ्या. ॲस्टिया सगळ्यांत शांत. भाचीचा चेहरा तिच्यावर इतका खरा होता की तिची आई ती स्लाइड मागून घेऊन गेली. पण ढगाळ उजेडातला कातळ ॲस्टियावर मऊ, जरा ढिसाळ वाटला. गेंदाच्या पांढऱ्यातला तपशील मात्र तिनंच सगळ्यांत जास्त राखला.

जोडाक्षरांच्या कसोटीत वेल्व्हिया आणि प्रोव्हिया पुढे, आणि त्यांच्यात फरक सांगायला मला जमला नाही. ग्रेनसाठी विभागातला डिसेक्टिंग मायक्रोस्कोप वापरला, नंतर साधा, शंभरपट. इतकं मोठं केल्यावर दिसतात ते चांदीचे कण नाहीत, ते तर ब्लीचमध्ये गेले. प्रत्येक कणाच्या जागी उरलेले रंगाचे पुंजके असतात, कडा विरलेले, एकमेकांत सरकलेले. मी तासभर पाहत राहिले. पेशींच्या थरांकडे पाहिल्यासारखंच होतं ते. आभाळाच्या सपाट भागात ई१००व्हीएसचे पुंजके ठळक होते, ॲस्टिया आणि प्रोव्हियाचे जवळजवळ सपाट. आकडे इथं बरोबर निघाले.

मग नीलपुष्पी.

टाचणीनं अडकवलेला कागदाचा चौकोन चारही पट्ट्यांवर निळा होता. थोडा इकडेतिकडे, पण निळा. त्याला लागून असलेली पाकळी एकाही पट्टीवर तशी नव्हती. प्रोव्हियावर जांभळट निळी. ॲस्टियावर तशीच, जरा फिकट. वेल्व्हियावर सरळ जांभळी. ई१००व्हीएसवर तर गुलाबीकडे झुकलेली. जे दोन रंग माझ्या डोळ्याला एक दिसले होते, ते चारही फिल्मना दोन दिसले.

माझा पहिला संशय फुलावरच गेला. पण वहीत वेळ लिहिलेली होती, सात वाजून दहा मिनिटं ते पाच कमी आठ. शेवटच्या फ्रेमच्या वेळीही पाकळी कार्डाशी जुळत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा वेलाकडे गेले, या वेळी कॅमेऱ्याशिवाय. काळ्यापांढऱ्या फिल्मसाठी घेतलेला गडद लाल फिल्टर डोळ्याला लावला. शेडकार्डाचा चौकोन काळा झाला, निळा कागद लाल काचेतून दिसायला हवा तसा. नीलपुष्पी काळी झाली नाही. मंद, करडी अशी उजळत राहिली.

म्हणजे ते फूल निळ्यासोबत गडद तांबडा उजेडही परत पाठवत होतं, अगदी दृश्य पट्ट्याच्या टोकाचा. आपल्या डोळ्याची संवेदना तिथं जवळजवळ संपलेली असते, म्हणून तो आपल्याला जाणवत नाही. फिल्मचा तांबडा थर मात्र तिथवर पाहतो. तो त्याला नोंदवतो, आणि निळ्यात तांबडा मिसळून जांभळा होतो. छायाचित्रकारांच्या जगात याला अजेरॅटम इफेक्ट म्हणतात, अजेरॅटमच्या निळ्या फुलांवरून. आमच्याकडे रस्त्याकडेला उगवणारी ओसाडी त्याच कुळातली. हे नाव मला आधी वाचून माहीत होतं. पण स्वतःच्या हातानं कापलेला चौकोन पाकळीशेजारी पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ कळला नव्हता. सरांच्या गुलाबी पडलेल्या ढिगात काही फुलं पहिल्या दिवसापासूनच गुलाबी असतील का, असाही विचार मनात येऊन गेला.

कुठलाही फिल्टर यावर उपाय नाही. पाकळी निळी करायला जावं तर पान बिघडतं.

प्रोजेक्टरवर शेवटची फेरी. २५० वॉटचा हॅलोजन दिवा लाइटबॉक्सपेक्षा पिवळा असतो. अंधारात डोळा त्याला सरावतो, पण थंड झुकलेली स्लाइड पडद्यावर जरा सुधारते आणि उष्ण झुकलेली आणखी तापते. ई१००व्हीएस पडद्यावर मला सहन होईना. पुठ्ठ्याच्या चौकटीतली फिल्म दिव्याच्या उष्णतेनं फुगते आणि मधूनच फोकस सुटतो, म्हणून काही स्लाइड काचेच्या चौकटीत बसवून पाहिल्या. साताऱ्याच्या पावसाळ्यात काचेत अडकलेला ओलावा बुरशीला आमंत्रण देतो. शेवटी प्लास्टिकच्या, बिनकाचेच्या चौकटी ठेवल्या आणि डब्यात सिलिका जेल.

एस. वाय. च्या मुलांना चारही संच दाखवले आणि कुठला आवडला ते विचारलं. बहुतेकांचे हात वेल्व्हियाला. मला त्यात नवल वाटलं नाही. मग त्याच सकाळी तोडून आणलेली सोनकी पडद्याजवळ धरली आणि विचारलं, यातली ही कुठली? वर्ग गप्प झाला. थोड्या वेळानं मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, दुसरी." दुसरी प्रोव्हिया होती.

संचासाठी प्रोव्हिया घेतली. ढगाळ दिवशी ८१ए लावून, आणि पांढऱ्या फुलांना मीटरपेक्षा किती जास्त द्यायचं याचा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर. दोन फुलं जवळून काढताना ॲस्टिया वापरली. दोन पावसाळ्यांत ८० स्लाइड झाल्या. २०१२ मध्ये कोडाकनं एक्टाक्रोम बंद केली, ॲस्टियाही बाजारातून गेली. त्या वर्षी कासचं पठार पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत आलं आणि मी फ्रिजमधले शेवटचे प्रोव्हियाचे रोल तिथं संपवले.

२०१८ मध्ये कोडाकनं एक्टाक्रोम ई१०० पुन्हा आणली. पुढच्या वर्षी पुतण्यानं एक रोल आणून दिला. मी निवृत्त झाले होते, पण वही होती आणि शेडकार्डाचा तो चौकोनही वहीत चिकटवलेला. त्याच कुंपणावर आता वेल नव्हता. नीलपुष्पी दुसरीकडे सापडली, पहाटे सातला. फिल्म स्वच्छ, करड्या कार्डाला खरीखुरी करडी, जुन्या व्हीएसपेक्षा कितीतरी संयमी. पाकळी जांभळी.

विभागातल्या संचात नीलपुष्पीची स्लाइड ६४ वी आहे. तिच्या चौकटीवर मी बारीक निबानं लिहून ठेवलं आहे: 'रंग फिल्मचा. फूल निळं. शेजारचा चौकोन पाहा.'